एका ओळीत आठ माल : जुन्या फाइलींतील पुनरावृत्ती नव्या टेबलांत कशी मांडावी

वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेली बरीच पत्रे खानदेशातील अडत दुकाने, फळविक्री संस्था आणि व्यापारी पेढ्यांमधून आलेली आहेत. तपशील निरनिराळे असले तरी अडचण एकाच जातीची आहे. वीस-पंचवीस वर्षे फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस प्रोग्रॅमच्या किंवा त्याच्याही आधीच्या डीबेसच्या फाइलींत साठलेली माहिती आता रिलेशनल डेटाबेसमध्ये, म्हणजे क्रमांकांनी एकमेकींशी जोडलेल्या टेबलांत, न्यायची आहे, आणि जुन्या फाइलीत तीच ती माहिती पुन्हा पुन्हा लिहिलेली आहे. त्यामुळे हे संपूर्ण सदर याच विषयाला दिले आहे.

प्रश्न (अमळनेर) : आमच्या अडत दुकानाच्या सगळ्या हिशोबपट्ट्या १९९६ पासून एकाच डीबीएफ (डीबेस-फॉक्सप्रोच्या टेबलाच्या) फाइलीत आहेत. प्रत्येक ओळीत पट्टी क्रमांक, तारीख, शेतकऱ्याचे नाव, गाव आणि फोन आहे. त्यापुढे माल१, डाग१ (नगांची संख्या), वजन१, भाव१, रक्कम१ असे करत माल८ पर्यंतचे रकाने आहेत. शेवटी हमाली, तोलाई आणि निव्वळ रक्कम आहे. मी पोस्टग्रेस या रिलेशनल डेटाबेसमध्ये शेतकरी, पट्टी आणि पट्टीतील माल अशी तीन टेबले तयार केली आहेत. मात्र एकाच जुन्या ओळीतून तिन्ही टेबले भरताना शेतकऱ्याचा नवा क्रमांक पट्टीपर्यंत आणि पट्टीचा नवा क्रमांक मालाच्या ओळींपर्यंत कसा पोचवायचा, हे उमगत नाही. शिवाय एकच शेतकरी शेकडो वेळा आणि निरनिराळ्या तऱ्हेने लिहिलेला आहे.

उत्तर : आपला आराखडा योग्य आहे. त्यात मालाच्या नावांचे एक छोटे टेबल तेवढे वाढवावे लागेल. मात्र क्रमांकांच्या प्रश्नाकडे वळण्याआधी आपल्या फाइलीत तीन प्रकारची पुनरावृत्ती एकमेकींत मिसळली आहे, हे लक्षात घ्यावे, कारण तिन्हींना एकच उपाय लावला तर काम बिघडते. माल१ ते माल८ ही आडवी पुनरावृत्ती आहे. तिथे एकाच जातीची गोष्ट खरोखरच अनेकदा घडलेली आहे, म्हणून प्रत्येक वेळेला स्वतंत्र ओळ मिळाली पाहिजे. शेतकऱ्याचे नाव, गाव आणि फोन ही उभी पुनरावृत्ती आहे. तिथे माणूस एकच आहे, पण प्रत्येक पट्टीवर तो नव्याने लिहिला गेला आहे, म्हणून त्याची एकच ओळ उरली पाहिजे. तिसरी पुनरावृत्ती केवळ दिसण्यापुरती असते. दादरचा (ज्वारीच्या एका जातीचा) भाव लागोपाठच्या दहा पट्ट्यांवर एकच दिसतो, म्हणून तो मालाच्या टेबलात उचलून ठेवण्याचा मोह होतो. परंतु तो दादरचा गुणधर्म नाही, त्या दिवशी त्या ढिगाला लागलेली बोली आहे. हमालीच्या दराचेही तसेच. आजचा दर एका जागी ठेवला आणि जुन्या पट्ट्यांना तोच जोडला, तर पुढे दर बदलताच १९९६ च्या पट्टीचा हिशोबही बदलेल. म्हणून भाव आणि प्रत्यक्ष आकारलेली हमाली ज्या पट्टीवर आहे तिथेच राहू द्यावी.

आता क्रमांकांविषयी. एक जुनी ओळ वाचायची, शेतकरी टाकायचा, मिळालेला नवा क्रमांक प्रोग्रॅममध्ये धरून पट्टी टाकायची, तिचा क्रमांक धरून माल टाकायचा, अशी लूप (ओळीमागून ओळ पुन्हा पुन्हा चालणारी आज्ञावली) बहुतेक जण आधी लिहितात. ती चालते, पण मध्येच चूक निघाली की कुठपर्यंत आलो होतो हे कळत नाही, आणि नंतर एखादी ओळ संशयास्पद वाटली तर ती मूळ फाइलीतील कोणत्या नोंदीतून आली, हेही सांगता येत नाही. त्याऐवजी संपूर्ण डीबीएफ आहे तशी, सगळे रकाने मजकूर समजून, पोस्टग्रेसमधील एका कच्च्या टेबलात आधी उतरवावी आणि तीत मूळ फाइलीतील नोंद क्रमांकाचा रकाना जोडावा. कीर्दीतून खतावणीत नोंद ओढताना दिवाणजी शेजारी कीर्दीचे पान लिहून ठेवतो, तेच काम हा रकाना करतो. पट्टीच्या नव्या टेबलातही हा जुना नोंद क्रमांक ठेवावा. मग पट्टीचा नवा क्रमांक कुठेही धरून ठेवावा लागत नाही. आधी सर्व शेतकरी, मग सर्व पट्ट्या, मग सर्व माल अशा क्रमाने एकेका एसक्यूएल (डेटाबेसच्या भाषेतील) वाक्यात भरणा करता येतो, आणि मालाच्या ओळी भरताना कच्चे टेबल जुन्या नोंद क्रमांकावर पट्टीच्या टेबलाशी जोडले की नवा क्रमांक आपोआप हाती येतो. भरणा चुकला तर नवी टेबले रिकामी करून सगळी वाक्ये पुन्हा चालवता येतात. मूळ डीबीएफला हात लावावा लागत नाही, आणि तो लावूही नये.

आडव्या रकान्यांच्या ओळी करताना माल, डाग, वजन, भाव, रक्कम अशा एकेका संचासाठी एक, अशी आठ सिलेक्ट (निवड करणारी) वाक्ये युनियन ऑलने जोडावीत, किंवा पोस्टग्रेसमधील लॅटरल जोडणीत (जी एका ओळीवरून अनेक ओळी काढते) आठही संच एकदाच मांडावेत. दोन्ही मार्गांत पाळायची गोष्ट एकच : संच कितवा होता, तो १ ते ८ हा आकडा प्रत्येक ओळीत ओळ क्रमांक म्हणून ठेवावा. तो वगळला आणि युनियन ऑलऐवजी नुसते युनियन लिहिले, तर एकाच पट्टीवर एकाच मालाचे सारख्या वजनाचे आणि सारख्या भावाचे दोन ढीग असतील, तिथे डेटाबेस त्यातला एक मुकाट्याने गाळून टाकतो. शेतकऱ्याने दोन्ही ढिगांचे पैसे घेतलेले असतात. नव्या हिशोबात मात्र एकच दिसतो.

रिकाम्या संचांकडे बारकाईने पाहावे. डीबीएफमध्ये आकडासुद्धा अक्षररूपात, डावीकडे मोकळ्या जागा भरून साठवलेला असतो. त्यामुळे काहीच न लिहिलेला रकाना आणि मुद्दाम शून्य लिहिलेला रकाना फाइलीत वेगळे असतात, मात्र फॉक्सप्रोच्या पडद्यावर दोन्ही शून्यासारखेच वागतात. कच्चे टेबल मजकुराचे ठेवण्याचे हे एक कारण. मालाचे नाव, वजन आणि रक्कम तिन्ही कोरी असतील तोच संच रिकामा समजावा. नाव कोरे आहे पण वजन आहे, अशा ओळी जुन्या फाइलींत हमखास निघतात. त्या टाकून न देता तपासणीच्या वेगळ्या टेबलात ठेवाव्यात. आणखी एक गोष्ट अशी, की फॉक्सप्रोत नोंद खोडली म्हणजे ती फाइलीतून जात नाही. नोंदीच्या पहिल्याच बाइटवर फुलीसारखे चिन्ह पडते आणि पॅक ही आज्ञा देईपर्यंत नोंद तिथेच असते. डीबीएफ वाचणारी काही साधने अशा नोंदी वगळतात, तर काही त्याही आणतात. आपले साधन काय करते ते आधी पाहावे, अन्यथा रद्द केलेल्या पट्ट्या पुन्हा जिवंत होतील.

पट्टी क्रमांक दर वर्षी १ पासून सुरू होत असेल तर तो एकटा पुरेसा नाही. आर्थिक वर्ष आणि पट्टी क्रमांक मिळून एकमेव असावेत, असे बंधन पट्टीच्या टेबलावर घालावे. हे बंधन घालण्यासाठी वर्ष आणि क्रमांक तपासताना दोन प्रकारच्या नोंदी उघड्या पडतील. पहिला प्रकार तारखेचा. जुने प्रोग्रॅम सालाचे दोनच आकडे घेत आणि शतक १९०० चे धरत, त्यामुळे २००० सालातील काही पट्ट्या १९०० च्या तारखेने साठलेल्या सापडतील. त्यांच्या मागच्या-पुढच्या नोंदी पाहिल्या की खरे साल कळते. दुसरा प्रकार जास्तीच्या मालाचा. आठांपेक्षा अधिक ढीग आले की दिवाणजी त्याच क्रमांकापुढे ‘अ’ लावून दुसरी ओळ करीत असत. आपल्याकडेही असे असेल तर १२४५ आणि १२४५अ या दोन पट्ट्या नव्हेत. दुसऱ्या ओळीतील माल पहिल्या पट्टीला ९ ते १६ या ओळ क्रमांकांनी जोडावा आणि हमाली दोन्ही ओळींत आहे की एकीतच, ते निव्वळ रकमेवरून पडताळावे.

रक्कम हा रकाना वजन आणि भाव यांवरून काढता येतो, म्हणून तो नव्या टेबलात नको, असे पुस्तकी उत्तर आहे. जुन्या नोंदींसाठी मला ते मान्य नाही. ४८७ किलो दादर २,६५० रुपये क्विंटल भावाने १२,९०५ रुपये ५० पैशांची होते. जुन्या प्रोग्रॅमने ती पूर्ण रुपयात आणून १२,९०६ लिहिलेली असेल, तर शेतकऱ्याला दिलेली आणि त्याच्या हातातल्या पट्टीवर छापलेली रक्कम तीच आहे. जुन्या ओळींत लिहिलेली रक्कम जशीच्या तशी ठेवावी, आणि पैशांच्या रकान्याचा प्रकार न्यूमरिक, म्हणजे अपूर्णांक अचूक ठेवणारा, असावा. फ्लोटिंग पॉइंट प्रकारात पैशांचे अपूर्णांक घसरतात.

शेतकऱ्यांच्या नावांचे काम सर्वांत वेळखाऊ आहे आणि ते केवळ एसक्यूएलमधील डिस्टिंक्ट (सारख्या ओळींपैकी एकच ठेवणाऱ्या) या शब्दाने होणारे नाही. आपल्या भागात निम्मी यादी पाटलांची असते. कधी आडनाव आधी, कधी नाव आधी, कधी वडिलांचे नाव पूर्ण तर कधी नुसते आद्याक्षर. गाव जोडले तरी भागत नाही, कारण दहिवद अमळनेर तालुक्यात आहे आणि शिरपूर तालुक्यातही आहे. म्हणून नाव-जुळणीचे एक स्वतंत्र टेबल करावे : एका बाजूला फाइलीत सापडलेली नाव आणि गाव यांची प्रत्येक वेगळी जोडी, दुसऱ्या बाजूला ती ज्या शेतकऱ्याची आहे त्याचा नवा क्रमांक. संगणकाने सारखेपणा सुचवावा, पण शेवटचा शब्द दुकानातील जुन्या दिवाणजींचा असावा, कारण एकाच गावात एकाच नावाचे दोघे असतील तर ते त्यांनाच ठाऊक असते. शंका असेल तिथे दोन क्रमांक वेगळेच ठेवावेत. चुकून वेगळे राहिलेले दोघे पुढे एका वाक्यात एकत्र करता येतात. चुकून एकत्र झालेल्या दोघांच्या वीस वर्षांच्या पट्ट्या वेगळ्या करणे मात्र फार जिकिरीचे होते. पट्टीच्या टेबलात शेतकऱ्याचा क्रमांक या जुळणीच्या टेबलातूनच जाईल, त्यामुळे एखादी जुळणी बदलली तर भरणा पुन्हा चालवणे पुरेसे ठरते.

शेवटी ताळा. प्रत्येक वर्षासाठी जुन्या आठही वजन-रकान्यांची बेरीज ही नव्या ओळींतील वजन अधिक तपासणी टेबलातील वजन यांच्याशी किलोपर्यंत जुळली पाहिजे, रकमेचेही तसेच. मालवार बेरीज वेगळी घ्यावी. ‘दादर’, ‘ज्वारी दादर’ आणि ‘दादर ज्वारी’ हे एकच की वेगळे, हा प्रश्न तिथेच समोर येतो.

प्रश्न (रावेर) : आमच्या केळी विक्री संस्थेच्या जुन्या फाइलीत प्रत्येक ट्रकची एक ओळ आहे आणि ‘भरणी’ नावाच्या एकाच रकान्यात ‘१२४-३५-६१०, १३०-४२-७३५’ असा मजकूर आहे, म्हणजे सभासद क्रमांक, घड आणि किलोमध्ये वजन. हा रकाना ट्रकच्या टेबलात ठेवावा की सभासदाच्या?

उत्तर : दोन्हींत नको. एका ट्रकमध्ये अनेक सभासदांचा माल भरला जातो आणि एका सभासदाची एकाच दिवसाची कापणी दोन ट्रकांत जाऊ शकते. असा दुहेरी संबंध असला की तो सांगणारे तिसरे टेबल लागते. आपल्या पूर्वजांनी त्याला ‘भरणी’ हे नाव आधीच देऊन ठेवले आहे, तेच वापरावे. भरणीची एक ओळ म्हणजे एका सभासदाचा एका ट्रकमध्ये एका वेळी भरलेला माल. तीत ट्रकचा क्रमांक, सभासदाचा क्रमांक, घड आणि वजन राहील. घड आणि वजन हे ट्रकचेही नाहीत आणि सभासदाचेही नाहीत, हे एकदा पटले की पुढचा गोंधळ आपोआप टळतो. ट्रक आणि सभासद ही जोडी एकमेव असावी असे बंधन मात्र घालू नका, कारण सकाळी एका शेतातून आणि दुपारी दुसऱ्या शेतातून त्याच सभासदाची केळी त्याच ट्रकमध्ये चढलेली असू शकते. मजकूर तोडताना तुकडा कितवा होता तो क्रमांक सोबत ठेवावा.

दोन ठिकाणी काळजी घ्यावी. भरणीच्या वजनांची बेरीज आणि वजनकाट्यावर आलेले ट्रकचे वजन यांत फरक निघेल. तो चूक समजून एका आकड्याला दुसऱ्यात बसवू नये. मोजणी दोनदा आणि दोन ठिकाणी झाली आहे, म्हणून दोन्ही आकडे आपापल्या टेबलात राहतील. दुसरे असे, की सभासदाच्या निधनानंतर तोच क्रमांक वारसाला देण्याची पद्धत आपल्या संस्थेत असेल, तर १२४ हा क्रमांक एका माणसाचा नाही. अशा वेळी सभासद क्रमांक आणि व्यक्ती यांच्यामध्ये कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत हे सांगणारे टेबल घालावे, आणि ट्रकच्या तारखेवरून त्या वेळची व्यक्ती शोधावी.

प्रश्न (नंदुरबार) : आमच्या मिरचीच्या पेढीची जुनी यादी मराठीत आहे, पण नव्या डेटाबेसमध्ये नावे उघडली की नुसती इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे दिसतात. आधी टेबले वेगळी करावीत की आधी अक्षरे सुधारावीत?

उत्तर : अक्षरे आधी. ही माहिती युनिकोडपूर्व काळातील आहे, आणि ती दोनपैकी एका पद्धतीने साठलेली असणार. पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेच्या जिस्ट पद्धतीने केलेली असेल तर ती बहुधा इस्की या भारतीय लिपींच्या जुन्या प्रमाणात असेल, आणि तिचे युनिकोडमध्ये रूपांतर बरेचसे सरळ होते. एखाद्या विशिष्ट फॉन्टवर आधारलेली असेल, तर फाइलीत अक्षरे नसून अक्षरांचे आकार आहेत. त्या फॉन्टसाठी केलेलाच रूपांतरक वापरावा लागतो, आणि कागदावर सारखा दिसणारा शब्द दोन वेगळ्या तऱ्हांनी टंकलेला असू शकतो. अशा मजकुरावर डिस्टिंक्ट चालवले तर एकच गिऱ्हाईक दोनदा मोजले जाते.

रूपांतरानंतरही एक पायरी उरते. युनिकोडमध्ये ‘ऱ’ हे एक अक्षर म्हणून लिहिता येते, ‘र’ आणि नुक्ता (अक्षराखालचा टिंब) मिळूनही लिहिता येते. शिवाय ‘बऱ्हाणपूर’ मधला अर्धा र काही कळफलक ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह वापरून करतात. पहिल्या दोन रूपांना एनएफसी हे युनिकोडचे प्रमाणीकरण एकत्र आणते, आणि पोस्टग्रेसच्या १३ व्या आवृत्तीपासून त्यासाठी नॉर्मलाइझ हे फंक्शन आहे. तिसरे रूप त्याने बदलत नाही. ते आपल्याला स्वतःच शोधून बदलावे लागते. हे सर्व झाल्यावरच गावांची आणि गिऱ्हाइकांची स्वतंत्र टेबले करावीत, नाहीतर त्या टेबलांत तीन बऱ्हाणपूर होतील आणि तिन्ही डोळ्यांना सारखी दिसतील.

प्रश्न (धुळे) : महाविद्यालयात पहिल्यापासून पाचव्यापर्यंत नॉर्मल फॉर्म (पुनरावृत्ती टाळण्यासाठी टेबले विभागण्याचे टप्पे) शिकवले. प्रत्यक्ष कामात कुठे थांबावे? आमच्या यादीत प्रत्येक ग्राहकापुढे गाव, तालुका आणि जिल्हा लिहिलेला आहे. शहाद्याच्या जुन्या ग्राहकांपुढे जिल्हा धुळे आहे, नव्यांपुढे नंदुरबार.

उत्तर : आयबीएममधील एडगर कॉड यांनी १९७० मध्ये रिलेशनल पद्धतीची मांडणी केली, आणि एका रकान्यात दडलेले संच बाहेर काढून स्वतंत्र टेबले करणे हा त्यातीलच भाग होता. व्यापारी हिशोबाच्या कामात तिसऱ्या नॉर्मल फॉर्मपर्यंत पोचले की बहुतेक वेळा पुरेसे होते. आपले उदाहरण तिसऱ्याचेच आहे. जिल्हा ग्राहकावर अवलंबून नाही, तालुक्यावर अवलंबून आहे; तेव्हा ग्राहकाकडे गावाचा क्रमांक, गावाकडे तालुक्याचा आणि तालुक्याकडे जिल्ह्याचा क्रमांक असावा.

नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झाला आणि शहादा, तळोदा, नवापूर, अक्कलकुवा, अक्राणी हे तालुके नंदुरबारसह त्यात गेले. म्हणून आपल्या यादीतील ‘धुळे’ ही टंकलेखनाची चूक समजू नये. त्या दिवशी तेच खरे होते. जिल्हावार विक्रीचा आजचा अहवाल हवा असेल तर तालुक्याच्या टेबलातील आजचा जिल्हा घ्यावा. १९९७ च्या बिलाची प्रत पुन्हा छापायची असेल, तर त्या बिलावर छापलेला पत्ता बिलाच्याच ओळीत मजकूर म्हणून असला पाहिजे. दोन्ही ठेवण्याने नियम मोडत नाही, कारण ग्राहकाचा पत्ता आणि बिलावर छापलेला पत्ता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ग्राहकांच्या यादीत मात्र जुना जिल्हा जपून ठेवण्याचे कारण नाही.

प्रश्न (चोपडा) : माहिती नव्या डेटाबेसमध्ये गेल्यावर जुना फॉक्सप्रो प्रोग्रॅम किती दिवस चालू ठेवावा?

उत्तर : नोंदी करण्यासाठी एकही दिवस नाही. दोन्हीकडे नोंदी सुरू राहिल्या की चार दिवसांत दोन हिशोब होतात. बदल शक्यतो आर्थिक वर्षाच्या आरंभी, १ एप्रिलला करावा, म्हणजे पट्टी क्रमांकही नव्याने सुरू होतात. पाहण्यासाठी मात्र जुना प्रोग्रॅम डीबीएफ, मेमो (लांब मजकुराच्या) आणि इंडेक्स (क्रम लावणाऱ्या) फाइलींसह एका संगणकावर ठेवावा आणि फाइलींवर केवळ वाचण्याची परवानगी ठेवावी. मायक्रोसॉफ्टचा व्हिज्युअल फॉक्सप्रोला असलेला आधार जानेवारी २०१५ मध्येच संपला आहे, तेव्हा तो संगणक इंटरनेटला जोडलेला नसावा.